राज्यशास्त्र आणि पायाभरणीचे वर्ष

ब्रिटनमध्ये राज्यशास्त्र शिकणे हे पुष्कळदा राज्य करण्याची पूर्वतयारी ठरले आहे. हॅरोल्ड विल्सन, एडवर्ड हीथ, डेव्हिड कॅमेरॉन, ऋषी सुनक हे सारे पंतप्रधान ऑक्सफर्डच्या तत्त्वज्ञान, राजकारण व अर्थशास्त्र या एकाच पदवी अभ्यासक्रमातून आले. पक्ष निराळे, शाळा एकच!

या अभ्यासक्रमासाठी ऑक्सफर्डने २०२३ मध्ये पायाभरणीचे एक वर्ष सुरू केले. ते ब्रिटनमधील सरकारी शाळांत शिकलेल्या, प्रतिकूल परिस्थितीतून आलेल्या मुलांसाठी आहे. शिकवणीचे शुल्क नाही, निवासाचा भार विद्यापीठावर. एरवी तीन 'अ' श्रेणी लागतात, येथे तीन 'ब' पुरतात. यात गुणवत्तेचा बळी जातो, हा आक्षेप आम्हाला मान्य नाही. वर्षअखेरीस कसोटीला उतरेल त्यालाच पदवी वर्गाचे दार उघडते. ज्याच्या घरी वर्तमानपत्रही येत नाही, त्याला वर्षभराची उसंत देणे ही मेहेरबानी कशी?

इतर विद्यापीठांची गोष्ट वेगळी. तेथे या वर्षाचा बाजार झाला होता. म्हणूनच इंग्लंडमध्ये २०२५-२६ पासून राज्यशास्त्रासारख्या विषयांच्या पायाभूत वर्षाचे शुल्क ५,७६० पौंडांवर रोखण्यात आले. हे योग्यच झाले.

मात्र ही मर्यादा परदेशी विद्यार्थ्यांना लागू नाही, हे आपल्याकडील पालकांनी ध्यानात घ्यावे. बारावीला उत्तम गुण असल्यास तेथील अनेक विद्यापीठे थेट पदवीला प्रवेश देतात. तेव्हा एजंटाने 'फाउंडेशन'चा आग्रह धरला, तर कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वी विद्यापीठालाच लेखी विचारावे : हे वर्ष खरोखर आवश्यक आहे काय?