दूरदर्शनचा वर्धापनदिन आणि आपलें कर्तव्य

मनुष्याचा वाढदिवस आला म्हणजे त्याचें औक्षण करावें, वडीलधाऱ्यांनीं आशीर्वाद द्यावा आणि घरांतील लहानथोरांनीं गोडधोड खावें, ही आपल्याकडील जुनी रीत आहे. संस्थांचेही वाढदिवस असतात. आणि ज्या संस्थेनें घरोघर प्रवेश केलेला असतो, तिचा वाढदिवस पुष्कळांना आपल्या घरच्याच माणसाचा वाटतो. मुंबई दूरदर्शन केंद्राचें असेंच आहे. २ ऑक्टोबर १९७२ रोजीं, म्हणजे गांधीजयंतीच्या दिवशीं, हें केंद्र सुरू झालें आणि २ ऑक्टोबर २०२२ रोजीं त्यास पन्नास वर्षें पूर्ण झालीं. अशा वर्धापनदिनीं जुनीं चित्रें पुन्हा पडद्यावर येतात, जुने निवेदक व कलावंत आठवणी सांगतात, ती ओळखीची सुरावट वाजते. आणि घरांतील आजीआजोबा व आईबाप हातांतलें काम टाकून समोर येऊन बसतात. मुलें मात्र हंसतात. या काळ्यापांढऱ्या चित्रांत एवढें काय आहे, असें तीं विचारतात. हा प्रश्न उर्मटपणाचा नाहीं. तो विचार करण्यासारखा आहे, आणि त्याचें उत्तर मुलांना नीट मिळालें पाहिजे.

प्रथम थोडा इतिहास पाहूं. भारतांत दूरचित्रवाणीचा आरंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजीं दिल्लीस झाला. तो केवळ प्रयोग होता. आठवड्यांतून दोनच दिवस कार्यक्रम होत. त्या आरंभींच्या मंडळींत आपले पु. ल. देशपांडे होते, व पंडित नेहरूंची दूरदर्शनवरील पहिली मुलाखत त्यांनींच घेतली, ही गोष्ट मराठी माणसानें विसरण्यासारखी नाहीं. दिल्लीनंतर दुसरें केंद्र मुंबईस निघण्यास तेरा वर्षें जावीं लागलीं. पुढील वर्षीं सिंहगडावरील मनोऱ्यामुळें पुण्यास कार्यक्रम दिसूं लागले. १९८२ सालीं पडद्यावर रंग आले. मुंबईपासून दूरच्या गांवीं गच्चीवर उंच अँटेना उभारावा, एकानें वर राहून तो फिरवावा आणि दुसऱ्यानें खालून ‘आतां मुंग्या गेल्या’ म्हणून ओरडावें, हा कित्येक घरांतील नित्याचा प्रकार होता.

कार्यक्रम सायंकाळचे मोजके तास चालत. परंतु त्या मोजक्या तासांत समाजाच्या प्रत्येक थराची आठवण ठेवलेली असे. शेतकऱ्यांकरितां ‘आमची माती, आमची माणसं’, गृहिणींकरितां ‘सुंदर माझं घर’, मुलांकरितां ‘किलबिल’, साहित्यिक व कलावंत यांच्या भेटीकरितां ‘प्रतिभा आणि प्रतिमा’, आणि मनमोकळें हंसण्याकरितां ‘गजरा’. आकाशानंदांच्या ‘ज्ञानदीप’नें तर नुसते प्रेक्षक मिळविले नाहींत, कार्यकर्ते मिळविले, त्या नांवाचीं मंडळें ठिकठिकाणीं निघालीं. चिं. वि. जोशी यांचे चिमणराव व गुंड्याभाऊ हे दिलीप प्रभावळकर व बाळ कर्वे यांच्या रूपानें घरांत आले, तेव्हां ज्यांनीं पुस्तक कधीं उघडलें नव्हतें त्यांचीही या दोघांशीं मैत्री जडली. तबस्सुम यांनीं ‘फूल खिले हैं गुलशन गुलशन’ हा मुलाखतींचा कार्यक्रम १९७२ पासून १९९३ पर्यंत, म्हणजे एकवीस वर्षें, हंसतमुखानें चालविला. ज्यांची अभिनेत्री म्हणून पुढें सर्व देशांत कीर्ति झाली त्या स्मिता पाटील प्रथम मुंबई केंद्रावर मराठी बातम्या वाचीत. ‘ती फुलराणी’ नाटकानें गाजलेल्या भक्ती बर्वे यांचाही आवाज बातम्यांतून ऐकूं येई. प्रदीप भिडे यांनीं १९७४ पासून सुमारें चार दशकें बातम्या सांगितल्या, आणि त्यांचा गंभीर आवाज कानीं पडला म्हणजे सात वाजले असें समजून घरांत दिवे लागत.

हीं माणसें इतकीं प्रिय कां झालीं? दुसरें कांहीं पाहावयास नव्हतें म्हणून, असें एक उत्तर सहज देतां येईल. तें अर्धें खरें आहे. भुकेल्यास कोंडाही गोड लागतो. पण पन्नास वर्षांनंतर आठवतो तो कोंडा नव्हे. आमचें मत असें कीं, या मंडळींनीं प्रेक्षकास मान दिला, हें त्यांच्या लोकप्रियतेचें खरें मूळ आहे. बातमी सांगणारा मनुष्य ओरडत नसे. तो शब्दाचा उच्चार स्वच्छ करी, वाक्य पुरें करी, आणि दुःखाची वार्ता सांगतांना आवाज खालीं आणी. आपण कोणाच्या तरी घरांत, जेवणाच्या वेळीं, लहान मुलांदेखत बोलत आहों, याचें भान त्यास असे. पाहुण्यानें घरांत कसें वागावें याचा तो एक नित्याचा पाठच होता.

दुसरें कारण पडद्याच्या अलीकडचें आहे. एका आळींत एखाददुसरा संच असे. सायंकाळीं तेथें सर्वांनीं जमावें, मुलांनीं पुढें जमिनीवर, वडिलांनीं मागें खुर्चीवर आणि उशिरा येणारांनीं उंबऱ्यांत बसावें, अशी बैठक होई. मध्येंच ‘व्यत्यय’ अशी पाटी लागली तरी कोणी उठत नसे. तेवढ्यांत गप्पा होत. दुसऱ्या दिवशीं शाळेंत, कचेरींत व भाजीबाजारांत एकच विषय असे, कारण सर्वांनीं एकच गोष्ट पाहिलेली असे. आज एका घरांत चार माणसें चार खोल्यांत चार निरनिराळ्या गोष्टी पाहतात, आणि जेवावयास बसल्यावर एकमेकांस सांगण्यासारखें कोणाजवळच कांहीं नसतें. वडील मंडळी जुन्या सुरावटीनें हळवीं होतात, तीं त्या भरलेल्या खोलीच्या आठवणीनें होतात, हें मुलांनीं ध्यानांत घ्यावें.

तथापि ‘जुनें तें सोनें’ ही म्हण कसोटीवर घांसल्याखेरीज स्वीकारूं नये. वाहिनी एकच होती आणि ती सरकारच्या हातीं होती. १९७५ ते १९७७ या आणीबाणीच्या काळांत सरकारास हवें तेंच तीवर दिसे. दुसरी बाजू ऐकावयाची तर प्रेक्षकास दुसरें ठिकाण नव्हतें. दूरदर्शनचा कारभार प्रसार भारतीकडे गेला तो १९९७ सालीं. ज्या भरलेल्या खोलीचें आपण कौतुक करतों तिच्या दारांतही सर्वांना सारखीच जागा मिळत नसे. कित्येक मुलांनीं खिडकीच्या गजांस धरून, बाहेर उभें राहून कार्यक्रम पाहिले आहेत. त्यांच्या आठवणींत गोडवा असेल तसा सलही असेल. म्हणून आईबापांस आमची विनंती अशी कीं, आपल्या तरुणपणाचें कौतुक करतांना त्याची छडी करून मुलांच्या पाठीवर मारूं नये. ‘आमच्या वेळीं असें नव्हतें’ या वाक्यानें कोणतेंही मूल आजवर सुधारलेलें नाहीं.

मग वर्धापनदिन साजरा करावा तो कशासाठीं? परदेशांत ही प्रथा मोठ्या थाटाची आहे. अमेरिकेंतील एन.बी.सी. या संस्थेनें १९७६ सालीं व सी.बी.एस. या संस्थेनें १९७८ सालीं आपल्या पन्नाशीनिमित्त तासन् तास चालणारे सोहळे केले आणि आपले जुने तारे प्रेक्षकांपुढें आणले. परंतु केवळ सोहळ्यानें ठेवा टिकत नाहीं, हें इंग्लंडांतील उदाहरणावरून दिसतें. बी.बी.सी.सारख्या नामांकित संस्थेनेंही १९६० व १९७० च्या दशकांत आपल्या कितीएक ध्वनिचित्रफिती पुसून टाकल्या. ‘डॉक्टर हू’ या लोकप्रिय मालिकेचे पुष्कळ भाग त्यांत नाहींसे झाले. पण त्या हरवलेल्या भागांचा आवाज आजही ऐकावयास मिळतो. त्याचें श्रेय संस्थेकडे जात नाहीं. कांहीं सामान्य प्रेक्षकांनीं आपापल्या घरीं तो हौसेनें फितीवर उतरून घेतला होता, म्हणून तो वांचला.

आपल्याकडेही आरंभीं पुष्कळ कार्यक्रम थेट दाखविले जात, आणि फिती महाग म्हणून एकाच फितीवर पुन्हा पुन्हा नवें चित्रण होई. जें गेलें तें गेलें. नाशिककरांस हें दुःख नवीन नाहीं. त्र्यंबकेश्वरीं जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनीं ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट १९१३ सालीं मुंबईस दाखविला व त्याच वर्षीं आपला कारखाना नाशिकास आणला. याच शहरांत त्यांनीं चित्रपटामागून चित्रपट काढले आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजीं येथेंच देह ठेवला. त्यांच्या चित्रपटांपैकीं आज हातीं उरले आहेत ते थोडे तुकडे. पुण्याचें राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ सालीं निघालें, तोंवर बहुतेक ठेवा नष्ट झाला होता. आपल्या गांवांत काय घडत आहे हें त्या वेळच्या नाशिककरांनीं पाहिलें होतें. पण तें पाहणारांस कोणी विचारून ठेवलें नाहीं.

ही चूक आपण पुन्हा करूं नये. मुंबई केंद्राच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षींच, जूनमध्यें प्रदीप भिडे गेले आणि नोव्हेंबरांत तबस्सुम गेल्या. पडद्यावरील माणसें जातात तेव्हां वर्तमानपत्रांत निदान बातमी तरी येते; पडद्यासमोर बसलेलीं माणसें जातात तेव्हां त्यांच्याबरोबर त्या सायंकाळीं निमूटपणें निघून जातात. गंगापूर रोडवर जेथें एके काळीं द्राक्षांचे मळे व शेतें होतीं तेथें आज उंच इमारती आहेत. त्या इमारतींतील प्रत्येक मजल्यावर असा एखादा तरी वृद्ध आहे, ज्याला पहिला संच कोणाच्या घरीं आला, तेथें कोणास आंत घेत व कोण बाहेर राही, कोणत्या कार्यक्रमाच्या वेळीं रस्ता ओस पडे, हें सर्व ठाऊक आहे. त्यास कोणी विचारीत नाहीं, म्हणून तो बोलत नाहीं.

आपल्या आठवणी लिहून ठेवण्याइतकें आपण मोठे नाहीं, असें त्या आजीस किंवा आजोबांस वाटेल. त्यांस लक्ष्मीबाई टिळकांचें उदाहरण सांगावें. नाशिकजवळील जलालपूर येथें १८६८ सालीं जन्मलेल्या या बाईंस रीतसर शालेय शिक्षण मिळालें नव्हतें. पति रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या चरित्रासाठीं मुलगा देवदत्त यानें आईस आठवणी लिहावयास लावलें, आणि त्यांतून ‘स्मृतिचित्रें’ हा मराठी भाषेचा अलंकार निर्माण झाला. मुलानें विचारलें नसतें तर आईनें लिहिलें नसतें. प्रत्येक घरांतून ‘स्मृतिचित्रें’ निघणार नाहींत, हें उघड आहे. परंतु विचारणारें मूल प्रत्येक घरांत असूं शकतें.

यास्तव विद्यार्थिबंधुभगिनींनो, पुढील २ ऑक्टोबरच्या सुट्टींत एवढें करा. घरांतील किंवा शेजारच्या वृद्ध माणसाजवळ तासभर बसा. हातांतील फोन बाजूस ठेवूं नका, उलट त्याचा सदुपयोग करा. बोलणें त्यांत ध्वनिमुद्रित करून घ्या. आवडता कलावंत कोण, हें तर विचाराच. पण शेजारीं कोण बसे, संच घेण्यास पैसे कसे जमले, आईला कामांतून कार्यक्रम पाहावयास सवड मिळे काय, हेंही विचारा. मध्येंच तोडूं नका. मग तें वहींत स्वच्छ अक्षरांत उतरा, बोलणाराचें नांव व तारीख घाला, आणि त्यास वाचून दाखवा. निवडक आठवणींस या वार्षिकांत दोन पानें मिळावीं, अशी आमची संपादकांस सूचना आहे. पालकांनींही एक करावें. आठवड्यांतून एक सायंकाळ घरांतील सर्वांनीं एकत्र बसून एकच कांहीं पाहावें, आणि नंतर त्याविषयीं बोलावें. निवड एका आठवड्यांत वडिलांची असावी, दुसऱ्यांत मुलांची.

शुभवर्तमानांतील पांच भाकरी व दोन मासे यांची कथा आपल्या शाळेंत सर्वांस ठाऊक आहे. हजारोंचा समुदाय तृप्त झाला, एवढ्यावर ती कथा थांबत नाहीं. कांहीं फुकट जाऊं नये म्हणून उरलेले तुकडे वेंचावयास प्रभूनें शिष्यांस सांगितलें, आणि त्या तुकड्यांनीं बारा टोपल्या भरल्या. जेवण देणारा जो मोठा, त्यास तुकड्यांचीही पर्वा होती. आपल्या वडीलधाऱ्यांच्या पिढीनें एका लहानशा पेटीभोंवतीं बसून जो आनंद वांटून घेतला, त्याचे तुकडे अजून घरोघर पडलेले आहेत. टोपली घेऊन निघणारे हात मात्र तुमचे पाहिजेत.