वायरीला हात लावायचा कुणी?

आपल्याकडे घराघरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं. ‘तू नको हात लावूस, शॉक बसेल!’ मिक्सर, इस्त्री, गिझर, वॉशिंग मशीन दिवसभर बाईच्याच हाताखाली चालतं. पण साधा प्लग बदलायचा म्हटला की तिने चार पावलं मागं व्हायचं आणि घरातल्या पुरुषाला वेळ मिळेपर्यंत वाट बघायची. सांगणारा काळजीपोटी सांगतो हे मान्य. पण या काळजीमुळे किती कामं अडून राहतात, याचा हिशेब कधी कुणी मांडलाय का? आज अशाच एका अडलेल्या कामाविषयी लिहायचंय. काम अगदी छोटं आहे. भाजीची रोपं घरात वाढवण्यासाठी ट्यूबलाइटची मांडणी तयार करायची!

‘अगंबाई, रोपांना ट्यूबलाइट कशाला? सूर्य काय संपावर गेलाय?’ आमच्या बचत गटातल्या एका मावशींनी असं विचारलं तेव्हा सगळ्या खो खो हसल्या. पण खरं सांगू का, आमचं गाव घाटमाथ्याजवळचं. इथे आषाढ-श्रावणात सूर्य खरोखरच संपावर असतो. आजरा, चंदगड, महाबळेश्वर, सावंतवाडीकडच्या मैत्रिणींना हे वेगळं सांगायला नको. दसऱ्याच्या आसपास परसात टोमॅटो, वांगी, मिरची, कोबी लावायची, तर बी त्याआधी महिना-सव्वा महिना टाकावं लागतं. म्हणजे ऐन भाद्रपदात. उघड्यावर टाकलं तर पावसाच्या माऱ्याने बी वाहून जातं. उगवलंच तर ओलीमुळे देठ जमिनीलगत कुजतो आणि काल उभी असलेली रोपं आज आडवी. आत खिडकीत ठेवावं तर रोपं उंच, बारीक, पिवळट होतात आणि उजेडाकडे माना वाकड्या करून बसतात. आणि हे काही फक्त पावसाळी गावांचं दुखणं नाही. वाडे गेले, अंगणं गेली. तालुक्याच्या गावातसुद्धा आता इमारतीला इमारत खेटून उभी आहे. गॅलरीत तासभर ऊन आलं तरी नशीब!

तसं घरात उगवणाऱ्या रोपांशी आपली ओळख जुनीच. नवरात्रात घटाभोवती आपण धान्य पेरतो. देवघराच्या कमी उजेडात ते नऊ दिवसांत लांब, पिवळसर वाढतं. घटाला ते शोभतं. पण टोमॅटोचं रोप तसं वाढलं तर बाहेर लावल्यावर पहिल्या वाऱ्यालाच मान टाकतं. उजेड कमी पडला की रोप सगळी ताकद उंच होण्यात घालवतं, खोड जाड करण्याला काही उरत नाही. आपल्याला हवं असतं ते बुटकं, जाड खोडाचं, गडद हिरवं रोप. त्यासाठी भरपूर उजेड हवा, तोही रोपाच्या अगदी जवळ.

ही दिव्याची युक्ती मूळ थंड देशांतली. अमेरिका, कॅनडात मार्च महिन्यात अनेक ठिकाणी बाहेर बर्फ असतं आणि उन्हाळा आखूड. म्हणून तिथले लोक तळघरात नाही तर गॅरेजमध्ये दिव्याखाली रोपं तयार करतात आणि थंडी सरली की बाहेर लावतात. तिकडे गेलेल्या आपल्या लेकी-सुनाही वांगी, मिरची अशीच वाढवतात. त्यांची अडचण थंडीची, आपली ढगांची. उपाय मात्र दोघींना लागू पडतो.

आता मांडणी कशी करायची ते सांगते. चार फूट लांब आणि सव्वा फूट रुंद असं जुनं लाकडी शेल्फ घ्यायचं. पुस्तकांचं चालेल, भांड्यांचं चालेल. लोखंडी रॅकपेक्षा लाकडी बरं, कारण इथे पाणी आणि वीज शेजारी शेजारी नांदणार आहेत. वरच्या फळीला हूक लावून दोन साखळ्यांवर चार फुटी एलईडी ट्यूब टांगायची. वीस वॅटच्या अशा दोन ट्यूब, मध्ये वीतभर अंतर. साखळी अशासाठी की रोप वाढेल तशी एकेक कडी सोडून ट्यूब वर घेता येते. उजेड रोपाच्या शेंड्यापासून चार बोटं वर असावा. दिवा लांब गेला की उजेड झपाट्याने कमी होतो, आणि छताला लावलेल्या ट्यूबखाली ट्रे ठेवून उपयोग होत नाही तो म्हणूनच. जांभळ्या रंगाचे महागडे दिवे विकायला असतात, रोपांपुरतं त्यांच्यावाचून काही अडत नाही. घरात वापरतो ती पांढऱ्या उजेडाची, खोक्यावर ‘कूल डेलाइट’ लिहिलेली ट्यूब पुरते.

नर्सरीत मिळणारे ९८ खणांचे दोन ट्रे या मापात बरोबर बसतात. खणांत ओलं कोकोपीट आणि थोडं गांडूळ खत भरायचं, प्रत्येक खणात एक बी, वर हलकासा थर. कोंब दिसेपर्यंत दिव्याची गरज नाही, ऊब हवी. टोमॅटो आठवड्याभरात उगवतो, मिरची-वांग्याला जरा जास्त दिवस लागतात. पहिला कोंब दिसला की त्याच दिवशी दिवा सुरू करायचा. सकाळी दूध तापवायला उठलात की लावायचा आणि रात्रीच्या जेवणाआधी बंद. असा चौदा तास उजेड मिळाला पाहिजे आणि रात्रीचा अंधारही, कारण रोपालाही विश्रांती लागते. मध्ये दोन-तीन तास वीज गेली तरी काही बिघडत नाही. पाणी वरून शिंपडू नका. ट्रे परातीत ठेवून खालून ओल द्या आणि अर्ध्या तासाने उरलेलं पाणी काढून टाका. चार-सहा आठवड्यांनी रोपं तयार होतात. पण लगेच उन्हात नेऊ नका. आठवडाभर आधी सावलीत, मग तासभर कोवळ्या उन्हात, मग जास्त, अशी सवय लावा. सासरी नव्याने आलेल्या मुलीला आपण जसं जरा सांभाळून घेतो ना, तसंच! (घेतो ना?) मेथी, कोथिंबीर, मुळा, गाजर मात्र थेट वाफ्यातच पेरायचं, त्यांना हे लाड नकोत.

इथवर सगळ्यांना पटतं. मग प्रश्न येतो विजेच्या बिलाचा. ‘वीस रुपयांच्या भाजीसाठी वीज जाळायची?’ म्हणून हिशेबच करू. दोन ट्यूब मिळून चाळीस वॅट. चौदा तासांना साधारण अर्ध्या युनिटहून थोडी जास्त वीज. महिन्याला सतरा युनिट. युनिटला दहा रुपये धरले तरी १७० रुपये. दोन ट्रेमध्ये १९६ खण. चाळीस बिया उगवल्या नाहीत असं धरलं तरी वीजखर्च रोपामागे सव्वा रुपयाच्या आतच राहतो. घरातला टीव्ही कुणी बघत नसतानाही तासन्‌तास चालू असतो, तेव्हा कुणी युनिट मोजतं का? बाईने काही नवं करायला घेतलं की मात्र सगळं घर हिशेबनीस होतं.

दुसरा आक्षेप जरा वजनदार आहे. नर्सरीत तयार रोपं स्वस्तात मिळतात, मग हा खटाटोप कशाला? पन्नास रोपं टोमॅटोचीच लावायची असतील तर खुशाल नर्सरीतून आणा. पण नर्सरीत खपतं तेच वाण मिळतं. आजीच्या परसातलं काटेरी वांगं, माहेरच्या बांधावरची तिखट मिरची तिथे मिळणार नाही. ते बी कुठल्या तरी काकूंच्या डब्यात राखेत घातलेलं, मूठभरसुद्धा नाही, दहा-बारा दाणे असतात. ते पावसात कुजले तर पुन्हा आणायचे कुठून? अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाण्यांच्या जतनासाठी २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. राहीबाई शाळेत गेलेल्या नाहीत, पण बी ओळखावं कसं, राखावं कसं हे त्यांना ठाऊक होतं. असं थोडं थोडं बी आपल्यापैकी कितीतरी जणींच्या घरात पडून असतं. ते उगवून पुढे नेणं आपल्या हातात आहे. तेवढ्या दहा बियांसाठी तरी ही दिव्याची फळी हवी.

आता येते मूळ मुद्द्यावर. आमच्या गटातल्या अकरा जणींनी गेल्या पावसाळ्यात अशी मांडणी करायचं ठरवलं. शेल्फ सगळ्यांकडे निघाली, ट्रे आले, ट्यूब आल्या. आणि काम थांबलं! कारण ट्यूबच्या वायरीला प्लग जोडायचा होता आणि भिंतीत हुकासाठी भोकं पाडायची होती. एकीचा नवरा म्हणाला, रविवारी बघू. तसे तीन रविवार गेले. दुसरीने वायरमनला फोन केला तर तो म्हणाला, एवढ्याशा कामाला परवडत नाही. भाद्रपद काही कुणासाठी थांबत नाही हो!

शेवटी गटातल्याच एकीची मुलगी मदतीला आली. ती आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा कोर्स करते. एका दुपारी तिने अकरा जणींना समोर बसवून शिकवलं. टेस्टर कसा धरायचा, प्लग उघडून वायरी कशा कसायच्या, ड्रिल कसं चालवायचं. काम करताना मेन स्विच बंद, हात कोरडे, पायात रबरी चप्पल. एक्स्टेन्शन बोर्ड नेहमी ट्रेपेक्षा उंचावर, म्हणजे पाणी सांडलं तरी त्यात जाणार नाही. घरात शॉकपासून वाचवणारा ब्रेकर आहे की नाही ते आधी तपासायचं. नसेल तर तो मात्र जाणकाराकडूनच बसवून घ्यायचा. दोन तासांत सगळ्याजणी शिकल्या. साठीच्या मावशींनी ड्रिल चालवलं आणि म्हणाल्या, ‘एवढंच होतं होय!’

त्यांचं हे वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं. बायकांसाठी शिबिरं भरतात तेव्हा शिवण, पापड, मेंदी, मसाले हेच विषय ठरलेले असतात. ती कामं कमी दर्जाची नाहीत, त्यावर कितीतरी घरं उभी आहेत. पण टेस्टर, पाना, ड्रिल यांचं एकही शिबिर का नसावं? नळाचा वॉशर बदलणं, प्लग जोडणं हे घरातलंच काम आहे ना? मग घर सांभाळणारीला ते यायला नको? न येण्याने पैसा जातो तो जातोच, त्याहून वाईट म्हणजे बाईच्या डोक्यातल्या चांगल्या कल्पना कुणाच्या तरी रविवारची वाट बघत वाळून जातात. काळजी करायचीच तर ‘हात लावू नको’ म्हणण्याऐवजी ‘ये, हात कसा लावायचा ते दाखवतो’ असं म्हणावं. मुलाला शिकवता ते मुलीलाही शिकवा, आणि मुलांच्या आईलाही.

बचत गटांना माझं एक सांगणं आहे. पुढच्या मासिक बैठकीत कर्जाचे हप्ते गोळा झाले की अर्धा तास या कामासाठी काढा. गावात आयटीआय असेल तर तिथल्या मुलींना मान देऊन बोलवा. एकीला एकटीने परवडत नसेल तर गटात मिळून एक मांडणी करा आणि ज्या घरात जागा आहे तिथे ठेवा. आणि पहिला मुहूर्त हवाच असेल तर तो संक्रांतीचा धरा. डिसेंबरच्या सुरुवातीला मिरची, वांगी, टोमॅटोचं बी टाकलं तर उन्हाळी लागवडीसाठी संक्रांत-रथसप्तमीपर्यंत रोपं तयार होतात. यंदा हळदीकुंकवाला प्लॅस्टिकचा डबा लुटण्याऐवजी आपल्या हाताने वाढवलेलं गावरान वांग्याचं रोप वाण म्हणून द्या. आणि कुणी विचारलंच, ‘दिवे कुणी जोडून दिले गं?’ तर मोठ्याने सांगा, आम्हीच जोडले!