हिमवादळाचे औषध आधी घ्यायचे असते

मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत, कॅनडात आणि आईवडील इथे, अशी घरे आता जिल्ह्याच्या गावांतही पुष्कळ झाली आहेत. सुनेचे बाळंतपण, नातवंडे सांभाळणे अशा निमित्ताने ही मंडळी चार-सहा महिने तिकडे राहून येतात. निघण्यापूर्वी औषधांची चिठ्ठी घ्यायला येतात तेव्हा त्यांचे प्रश्न ठरलेले असतात. थंडी सोसेल का? स्वेटर किती न्यावेत? प्रश्न चुकीचे नाहीत, पण अपुरे आहेत. तिकडची घरे आतून उबदार असतात. खरा धोका असतो तो थंडी, वारा आणि बर्फ ही तिन्ही एकाच वेळी येऊन घराचे दार बंद करतात तेव्हा. त्या दोन-तीन दिवसांत रुग्णवाहिका पोहोचत नाही, औषधाचे दुकान उघडत नाही. म्हणून माझे स्पष्ट मत आहे की हिमवादळाचा उपचार वादळ येण्याआधीच करायचा असतो. वादळ आल्यावर बहुधा वाट पाहणेच हाती राहते.

सरोवराकाठचा बर्फ

अमेरिका आणि कॅनडा यांच्या सीमेवर पाच विशाल सरोवरे आहेत. हिवाळ्याच्या सुरुवातीला त्यांचे पाणी हवेच्या मानाने बरेच उबदार असते. उत्तरेकडची कोरडी, गोठवणारी हवा या पाण्यावरून वाहू लागली की ती खालून तापते, बाष्प उचलते आणि पलीकडच्या काठावर बर्फ ओतते. याला तिकडे 'लेक इफेक्ट स्नो' म्हणतात. ईरी हे सरोवर सुमारे ३८८ किलोमीटर लांब आहे आणि त्याच्या पूर्व टोकाला न्यूयॉर्क राज्यातील बफेलो शहर वसले आहे. वारा सरोवराच्या लांबीच्या दिशेने वाहिला की सगळा साठा बफेलोच्या वाट्याला येतो. सरोवर गोठले की हा प्रकार बराच कमी होतो. म्हणून नोव्हेंबर-डिसेंबर हे महिने विशेष जपण्याचे.

या बर्फाचे पट्टे अरुंद असतात. आपल्याकडे महाबळेश्वर धो-धो पावसात बुडालेले असते आणि खाली वाईला रस्ते कोरडे असतात, तसे दृश्य तिथे दिसते. कारणे वेगळी, पण अनुभव तोच. नोव्हेंबर २०१४ मध्ये बफेलोच्या दक्षिणेकडील उपनगरांत पाच फुटांहून अधिक बर्फ पडला आणि काही किलोमीटर उत्तरेला जेमतेम काही इंच. त्यामुळे 'आमच्याकडे तर ऊन आहे' असे खिडकीतून पाहून ठरवणे धोक्याचे ठरते. पुढच्या चौकात काय आहे, हे खिडकी सांगत नाही.

बफेलोने काय शिकवले

डिसेंबर २०२२ मध्ये नाताळच्या तोंडावर याच शहरावर जे वादळ आले, त्याचा अभ्यास प्रत्येक डॉक्टरने करावा असा आहे. वाऱ्याचे झोत ताशी १०० किलोमीटरच्या पुढे गेले. समोरचे काही दिसू नये अशी अवस्था दीड दिवस टिकली. विमानतळावर चार दिवसांत सव्वाचार फुटांहून अधिक बर्फ नोंदला गेला. बफेलो आणि परिसरात ४० हून अधिक माणसे मेली. ती कशाने मेली, हे पाहण्यासारखे आहे. काही रस्त्यावर गारठून गेली, काही बर्फात अडकलेल्या मोटारींत सापडली, काही वीज आणि उष्णता नसलेल्या स्वतःच्या घरात गेली. काहींना बर्फ उपसताना हृदयविकाराचा झटका आला. काहींना साधा, एरवी बरा होणारा त्रास झाला, पण रुग्णवाहिका वेळेवर पोहोचू शकली नाही, कारण मदतीच्या गाड्याही रस्त्यात रुतल्या होत्या.

आता, हवामान खात्याने आधी सांगितले नव्हते काय? सांगितले होते, आणि कित्येक दिवस आधीपासून सांगितले होते. तरी रस्त्यावर वाहने नेण्यास बंदी झाली ती २३ डिसेंबरच्या सकाळी साडेनऊपासून. तोपर्यंत कामावर जाणारे घराबाहेर पडले होते. अशा वेळी 'लोक ऐकत नाहीत, त्याला कोण काय करणार' असे म्हणणे सोपे असते. मला ते पटत नाही. ज्याची रजा कापली जाणार आहे, ज्याच्या घरात दोन दिवसांचाच शिधा आहे, तो इशारा ऐकूनही बाहेर पडतोच. बफेलो शहरातील मृतांमध्ये निम्म्याहून अधिक माणसे कृष्णवर्णीय होती, ही गोष्ट हेच सांगते. इशारा म्हणजे निदान. वेळेवर सुट्टी, वेळेवर बंदी, उबदार निवारा आणि घरात आठवड्याचे अन्न-औषध हा उपचार. नुसते निदान सांगून रोग्याला घरी पाठवणाऱ्या डॉक्टरला आपण काय म्हणू?

फावडे कोणी धरायचे?

आपल्या मंडळींसाठी सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हा. तिकडे घरासमोरचा बर्फ ज्याचा त्याने उपसायचा असतो. मुलगा कामावर, सून बाळात गुंतलेली, आणि बाबा घरात 'बसून'. आयुष्यभर कष्ट केलेल्या माणसाला असे बसणे अवघड जाते. तो दस्ताने चढवतो आणि फावडे हाती घेतो. हेतू प्रेमाचा असतो, पण हृदयाला हेतू कळत नाही.

अमेरिकेत मिशिगन राज्यातील डॉक्टरांनी १९९५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. दहा निरोगी, पण व्यायामाची सवय नसलेल्या तरुणांना ओला, जड बर्फ उपसायला लावले. ट्रेडमिलवर पूर्ण दमेपर्यंत चालल्यावर चढतो त्याहून त्यांचा वरचा रक्तदाब अधिक चढला. ही तिशीच्या आसपासच्या धडधाकट पुरुषांची गोष्ट. कॅनडातील क्वेबेक प्रांतातील ३३ वर्षांच्या नोंदी तपासून २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जोरदार हिमवृष्टीनंतरच्या दिवशी पुरुषांत हृदयविकाराचे झटके आणि त्यामुळे होणारे मृत्यू वाढलेले दिसले.

असे का होते? गारठ्याने त्वचेतील रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब वाढतो. हृदयाला पुरवठा करणाऱ्या वाहिन्याही आकसू शकतात. फावड्याचे ओझे हातांनी उचलताना माणूस नकळत श्वास रोखतो. एकीकडे हृदयाची गरज वाढते आणि दुसरीकडे पुरवठा कमी होतो. त्यात आपण दक्षिण आशियाई. अनेक देशांत मिळून झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात आपल्या भागातील लोकांना पहिला झटका साधारण ५३ व्या वर्षी, तर इतरत्र ५९ च्या सुमारास येतो असे आढळले. मधुमेह्यांना तर छातीत न दुखताही झटका येऊ शकतो. नुसता दम लागतो, घाम फुटतो, मळमळते.

म्हणून पन्नाशी उलटलेल्या, मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्या पाहुण्याने फावड्याला हात लावू नये. हा नियम वादळाच्या सकाळी नव्हे, विमानातून उतरल्या दिवशीच घरात ठरवून टाकावा. पैसे देऊन बर्फ काढून घेता येतो, शेजाऱ्याला सांगता येते, आणि काहीच जमले नाही तर बर्फ तसाच पडू द्यावा. छातीत दडपण, जबड्यात वा डाव्या हातात कळ, अकारण दम असे काही वाटले तर थांबावे आणि लगेच ९११ ला फोन करावा. गाडी येण्यास उशीर लागला तरी काय करायचे हे ती माणसे फोनवर सांगतात.

वारा, गारठा आणि विषारी वायू

हवामानपत्रकातील तापमान पाहून कपडे ठरवू नयेत, वाराही पाहावा. शून्याखाली १८ अंश सेल्सिअस तापमानात ताशी २४ किलोमीटर वारा असला तर उघड्या त्वचेला ते शून्याखाली २८ अंशांसारखे जाणवते, आणि अर्ध्या तासात कान, नाक, बोटे गोठू शकतात. मधुमेहाने पायाची संवेदना गेलेल्यांना ते कळतही नाही. गोठलेला भाग चोळू नये, त्यावर बर्फ तर मुळीच चोळू नये, शेक देऊ नये. घरात आल्यावर अंगाला सोसेल अशा कोमट पाण्यात तो बुडवून ठेवावा आणि डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

शरीराचे आतले तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या, म्हणजे ९५ अंश फॅरनहाइटच्या खाली गेले की माणूस बरळू लागतो, अडखळतो, पेंगतो. आधी थरथर असते. ती थांबली म्हणजे बरे वाटले असे नव्हे, बहुधा प्रकृती बिघडत चालली आहे. ओले कपडे बदलावेत, छाती-पोट आधी उबदार करावे, शुद्धीवर असेल तर गरम गोड पेय द्यावे. दारूने ऊब येते हा भ्रम आहे. तिने त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात आणि शरीर उलट लवकर गार पडते.

वाऱ्याने विजेच्या तारा तुटतात आणि इथून दुसरा धोका सुरू होतो, तो कार्बन मोनॉक्साइडचा. या वायूला रंग नाही, वास नाही. आपल्याकडेही थंडीत दार-खिडक्या लावून खोलीत कोळशाची शेगडी ठेवली आणि सकाळी माणसे उठलीच नाहीत, अशा बातम्या येतात. तिकडे शेगडीच्या जागी जनरेटर, बार्बेक्यूची चूल किंवा गॅसची भट्टी असते. जनरेटर घरापासून किमान २० फूट दूर, उघड्यावरच चालवावा. गॅराजमध्येही नको. भट्टीचा धूर बाहेर सोडणारी नळी बर्फाने बुजली नाही ना, हे घरातल्या तरुणाने पाहावे. घरातल्या दोघा-तिघांचे एकाच वेळी डोके दुखू लागले, मळमळू लागले, तर आधी सर्वांनी मोकळ्या हवेत यावे आणि मग फोन करावा. बोटाला लावायचे ऑक्सिजनचे यंत्र अशा वेळी आकडा चांगला दाखवते, त्यावर विसंबू नये.

मोटार अडकली तर गाडी सोडून पायी निघू नये. मागची धुराची नळी मोकळी करावी, मगच इंजिन तासातून दहाएक मिनिटे चालवावे आणि काच बोटभर उघडी ठेवावी.

निघण्यापूर्वी आणि इशारा येताच

औषधे मुक्कामाच्या दिवसांहून महिनाभर जास्त न्यावीत. आपल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तिकडचा औषधविक्रेता सहसा औषध देत नाही. चिठ्ठीवर कंपनीच्या नावाबरोबर औषधाचे मूळ नाव लिहून घ्यावे. आपले पॅरासिटामॉल तिथे अ‍ॅसिटामिनोफेन असते, हेही ध्यानात ठेवावे. इन्सुलिन हातातल्या पिशवीत न्यावे. एकदा गोठलेले इन्सुलिन वितळल्यावर ठीक दिसले तरी टाकून द्यावे. विमा काढताना मधुमेह, रक्तदाब लपवू नये.

तिथे इशाऱ्याचे दोन शब्द कानी पडतात. 'वॉच' म्हणजे वादळाची शक्यता आहे, 'वॉर्निंग' म्हणजे ते आले किंवा येऊन ठेपले. आपली सारी कामे 'वॉच'च्या काळात उरकायची. डायलिसिस असेल तर केंद्राला फोन करून पाळी आधी घ्यावी. घरात ऑक्सिजनचे किंवा वाफाऱ्याचे यंत्र असेल तर वीज गेल्यावर काय, हे विचारून ठेवावे. न शिजवता खाता येईल असे तीन-चार दिवसांचे अन्न, पिण्याचे पाणी, टॉर्च आणि भारलेला फोन एवढे जवळ असावे.

ज्यांची मुले तिकडे आहेत पण स्वतः जाणे होत नाही, त्यांनाही एक काम आहे. रविवारच्या फोनवर आपण 'थंडी फार आहे का' असे विचारतो. त्याऐवजी, कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारी घंटी घरात बसवली आहे का, आणि ती चालू आहे का, हे विचारा. शेजारी एकटे राहणारे कोणी म्हातारे आहे का, आणि वादळात त्यांचे दार कोण ठोठावणार, हेही विचारा. बफेलोत २०२२ साली जी माणसे घरातच गेली, त्यांच्यापर्यंत सरकारी गाडी पोहोचणार नव्हतीच. पलीकडच्या दारातला माणूस मात्र पोहोचू शकला असता.