कांद्याचं वावर आणि आमचा अर्धा गुंठा

मा. संचालक,
कांदा व लसूण संशोधन संचालनालय,
राजगुरुनगर
यांस,



आमच्या कासारवाडीतल्या नाशिक फाट्यावरून निघालेला रस्ता भोसरी, मोशी, चाकण करत आपल्या गावी पोचतो. सकाळी या रस्त्यावर कंपन्यांच्या बसगाड्यांची रांग असते. त्या गाड्यांत बसलेल्या अनेकांच्या घरातल्या बायका पूर्वी खुरपं घेऊन कांद्यात बसायच्या. आज चाकणच्या शेतकऱ्याला खुरपणीला बाई मिळत नाही, आणि मिळाली तरी हवी त्या आठवड्यात मिळत नाही. हे हात कारखानदारीनं नेले. म्हणून तणनाशक मारणाऱ्या शेतकऱ्याला आम्ही शहरात बसून शहाणपण शिकवावं, हे मला पटत नाही.

कांद्याइतकं तणापुढं दुबळं पीक क्वचितच असेल. पात नळीसारखी सरळ उभी, त्यामुळे जमिनीवर सावली पडत नाही. मुळं वरवरची. लागण 15 बाय 10 सेंटिमीटरवर, म्हणजे कोळपं चालवायची सोय नाही. लागणीच्या वेळी ऑक्झिफ्लोरफेन किंवा पेंडीमिथॅलिन हे तणनाशक आणि पुढे 40 ते 60 दिवसांनी एक हातखुरपणी, ही आपली शिफारस एकरानं कांदा करणाऱ्याच्या अडचणीतून आली आहे. ती रास्तच आहे.

मात्र तीच शिफारस आमच्या परसबागेतही येऊन बसली आहे. घरामागं अर्धा गुंठा जागा असलेला माणूस दुकानात जातो, ‘गवत फार झालंय’ म्हणतो आणि बाटली घेऊन परततो. हेक्टरी 500 लिटर पाणी धरलं, तर अर्ध्या गुंठ्याला अडीच लिटर पाणी लागतं. ऑक्झिफ्लोरफेन लिटरला दोन मिली धरलं, तर औषध पाच मिली, चहाचा एक चमचा. उरलेली बाटली माळ्यावर, पोरांच्या हाताला लागेल अशी. आणि त्या चमच्यानं काय साधतं? उगवणीपूर्वीच्या औषधाचा मातीवर थर बसतो आणि त्यातून वर येणारा कोवळा कोंब मरतो. शेतात एकच पीक असतं, म्हणून हे जमतं. आमच्या वाफ्यात कांद्याला लागून मेथी, तिच्या पलीकडं पालक, कडेला कोथिंबीर. एक काढलं की त्याच जागी दुसरं. जे बी उद्या टाकायचं, तेही त्याच थरातून वर यायचं असतं.

शिवाय तण कशाला म्हणायचं, हाही वाद आहेच. कांद्यात उगवलेली घोळ, तांदुळजा, पाथरी शेतकऱ्याला उपटून बांधावर टाकावी लागते. आमच्याकडं तीच भाकरीबरोबर संध्याकाळी ताटात येते. (पाथरी कच्ची खाणारी माणसं अजून आहेत, आणि ती कांद्यापेक्षा पाथरीलाच जास्त मानतात.)

लहान जागेत तण आवरायचे मार्ग आपल्याला ठाऊक आहेतच. वाफा तयार करून आधी नुसतं पाणी द्यायचं, उगवेल ते उगवू द्यायचं, खरडून काढायचं आणि मग बी टाकायचं. एप्रिल-मेमध्ये वाफा भिजवून पारदर्शक प्लास्टिकनं कडा दाबून चार-सहा आठवडे झाकायचा. उन्हानं बरंचसं तणाचं बी आतच मरतं. एकरभर कांद्याला हे परवडणार नाही. पण हेक्टरभर कांद्याचं रोप साधारण पाच गुंठ्यांत होतं. म्हणजे स्वतः रोप टाकणाऱ्या कांदा उत्पादकाकडं परसबागेसारखा एक लहान तुकडा असतोच, आणि खरिपाच्या रोपासाठी तो ऐन उन्हाळ्यात मोकळा पडलेला असतो. घरची माणसं दिवसाआड फेरी मारून निंदू शकतील एवढीच ती जागा. तिथं आधी ऊन आणि हात, बाटली नंतर, असा क्रम आपणच सांगावा.

म्हणून मागणी अशी. तण नियंत्रणाच्या आपल्या सल्ल्यात परसबागेसाठी एक वेगळं पान असावं. त्यात माप गुंठ्याचं आणि चौरस फुटांचं असावं, आणि मिश्र वाफ्यात तणनाशक वापरू नये हे पहिल्याच ओळीत ठळक असावं. रोपवाटिकेचा भाग मुख्य शेतापासून वेगळा काढावा. आणि आपल्या अवजारांच्या कामात, कांद्याच्या दाट वाफ्यात उभ्यानं चालवता येईल असं लांब दांड्याचं खुरपं बसवता आलं तर पाहावं. शेतात ज्या बाया अजून खुरपतात, त्या दिवसभर उकिडव्या बसून खुरपतात.

लव्हाळ्याबद्दलही दोन ओळी हव्यात. उगवणीपूर्वीच्या या औषधांना त्याच्या गाठी दाद देत नाहीत, आणि खुरप्यानं वरची पात छाटली की तो आठवड्यात पुन्हा डोकं काढतो. आम्ही ओल्या मातीतून गाठीसकट एकेक उपटतो. अर्ध्या गुंठ्यात ते होतं. चाकणच्या शेतकऱ्यानं काय करावं, ते आपण सांगावं.

आपला,
कासारवाडीचा एक परसबागवाला