पेढे वाटून झाल्यावर काय?



पोराचा कॅन्सर बरा झाला की आपल्या वस्तीत पेढे वाटतात. वाटावेतच. परळच्या टाटा हॉस्पिटलात खेटे घालून, दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत महिनोन् महिने काढून आई पोर जिवंत घरी आणते, ही काय लहान गोष्ट झाली? पण पेढे संपल्यावर काय? या पोराच्या पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांचा हिशेब कुणी मांडायचा?

कॅन्सर मारणारं औषध आंधळं असतं. हाडाच्या कॅन्सरचं घ्या. तो बहुतेक वाढीच्या वयात होतो, गुडघ्याजवळ जास्त. त्यावर डॉक्सोरुबिसिन देतात, लाल रंगाचं. ते गाठ मारतं, पण एकूण डोस वाढत गेला तर हृदयाचे स्नायू कमजोर करू शकतं, आणि हे कधी कधी दहा-वीस वर्षांनी उघडं पडतं. सोबत सिस्प्लॅटिन देतात. ते कानाच्या आतल्या बारीक पेशींवर घाला घालतं. गेलेलं ऐकणं परत येत नाही. रक्ताच्या कॅन्सरात डोक्याला शेक दिलेलं पोर शाळेत मागं पडू शकतं, त्याची उंची खुंटू शकते. छातीला शेक घेतलेल्या मुलीला पुढं स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. सगळ्यांनाच हे होतं असं नाही. पण कुणाला होणार, ते तपासल्याशिवाय कळत नाही. यात डॉक्टरचा गुन्हा नाही. औषध नसतं तर पोरच नसतं.

आता हे पोर भिवंडीत वाढवा. अठराचं झालं की त्याच्यापुढं दोनच दरवाजे: लूम नाहीतर गोदाम. मी गोदीत माल वाहतो. पन्नास किलोची गोण पाठीवर घेताना धडधाकट माणसाला धाप लागते, तिथं कमजोर हृदयाचा काय टिकणार? लूमच्या खडखडाटात शेजारच्याशी खुणेनं बोलावं लागतं. चांगले कान तिथं बहिरे होतात, मग आधीच अर्धे गेलेले कान? म्हणजे हॉस्पिटलानं वाचवलेलं हृदय गोदाम खाणार आणि उरलेले कान लूम खाणार.

आणि माणसं? आमच्या गल्लीतल्या एका पोराचं जुनं दुखणं शेठला कळलं. दुसऱ्या दिवसापासून त्याचा पाण्याचा ग्लास वेगळा. कॅन्सर शिवल्यानं होत नाही, हे त्या शेठला कोण सांगणार? वेगळा ग्लास म्हणजे काय, ते आम्हाला कुणी शिकवायची गरज नाही. मुलीचं तर विचारूच नका. तिचं दुखणं आईबापच लपवतात, लग्न मोडेल म्हणून. दुखणं लपवलं की तपासणीही बंद.

रस्ता नाही असं नाही. टाटातच डॉ. पूर्णा कुरकुरे यांनी १९९१ साली उपचार संपलेल्या मुलांसाठी वेगळं एसीटी क्लिनिक सुरू केलं. २००९ साली इंडियन कॅन्सर सोसायटीच्या आधारानं बऱ्या झालेल्या तरुणांचा ‘उगम’ हा गट उभा राहिला. पण भिवंडीहून परळला जायचं म्हणजे एक अख्खा खाडा. ज्याच्या घरी खाड्याच्या दिवशी चूल थंड, तो ‘आता बरं वाटतंय की’ म्हणून घरीच बसणार. त्याला अडाणी म्हणणाऱ्यानं आधी त्याचा खाडा भरून द्यावा.

म्हणून आमची मागणी सरळ आहे. बऱ्या झालेल्या पोराच्या हृदयाची, कानाची तपासणी भिवंडीच्या सरकारी दवाखान्यात झाली पाहिजे, फुकट झाली पाहिजे. तपासणीच्या दिवसाची मजुरी मिळाली पाहिजे. पाय गेला, ऐकू येणं गेलं, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं प्रमाणपत्र हेलपाटे न घालता हातात पडलं पाहिजे. किमान ४० टक्के अपंगत्व ठरलं तर सरकारी नोकरीत राखीव जागा आहेत. त्या कुणाची मेहरबानी नाहीत.

आणि सरकार जागं होईपर्यंत आपण काय करायचं? आपापल्या गल्लीत अशी पोरं किती, ते घरोघर जाऊन विचारा. बोभाटा न करता विचारा. कोणतं औषध किती दिलं, शेक कुठं दिला, हे लिहिलेला कागद फाईलमध्ये असतो. तो पावसात भिजू देऊ नका, रद्दीत जाऊ देऊ नका. दुसरं दुखणं निघालं तर नव्या डॉक्टरपुढं पहिल्यांदा तोच ठेवा. आईला सुट्टी नसेल तर तुमच्यातला एकजण पोराबरोबर परळला जा. मोर्चाला येता, तसेच तिथंही या.

पोर नुसतं वाचवून भागत नाही. ते म्हातारं झालेलं आपल्याला बघायचंय.