लातूरचा भाव, परंड्याची पट्टी



लातूरच्या सोयाबीनचा भाव वर्तमानपत्रात वाचायचा, तो आकडा डोक्यात घेऊन परंड्यात माल घालायचा आणि पट्टी हातात पडली की भांडायचे, हे दर हंगामात चालते. भांडण खोटे नाही. पण नेमके कशाबद्दल भांडायचे, हेच आपल्याला ठाऊक नसते. आम्ही म्हणतो, भावाइतकाच फरक पाहा. वायदेबाजारवाले हजर आणि वायद्याच्या भावातल्या अशाच फरकाला 'बेसिस' म्हणतात.

समजा, लातूरला 4,300 आणि गावात 3,900. फरक 400. माल 15 टक्के ओला असेल तर 12 टक्क्यांवर वाळवल्यावर क्विंटलाचे 96 किलो 600 ग्रॅम भरतात. घट सुमारे 147 रुपयांची. व्यापारी त्याहून जास्त कापत असेल तर ताडपत्रीवर पसरा, दोन उन्हे द्या. गाडीभाडे, हमाली, तोलाई मिळून 130 धरा. उरले 123. ते कशाचे? आपल्या नडीचे! दिवाळी तोंडावर, सोसायटी दारात, हरभऱ्याचे बियाणे आणायचे.

सगळ्यांचा माल एकदम येतो तेव्हा हा फरक फुगतो. आवक ओसरली की बहुधा आवळतो. फुगलेला असेल तर माल धरण्यात अर्थ आहे. फरक आधीच आवळलेला आणि लातूरचाच भाव पडलेला असेल, तर धरणे म्हणजे तेजीवर लावलेला डाव. लावायचा तर लावा, पण जुगार आहे हे समजून.

पुढचा भाव दाखवणारी खिडकी सरकारनेच लावून घेतली. तूर-उडदाचे वायदे 2007 साली बंद केले. सोयाबीनचे सेबीने डिसेंबर 2021 मध्ये थांबवले आणि बंदीची मुदत वाढवत नेली. म्हणून आपली वही आपणच लिहायची.

धरायला पैसा? पणन मंडळाची शेतमाल तारण योजना 1990-91 पासून आहे. बाजार समितीच्या गोदामात सोयाबीन ठेवले तर किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज, 6 टक्के व्याज, 180 दिवस मुदत. क्विंटलमागे 2,800 उचलले तर तीन महिन्यांचे व्याज 42 रुपये. ते आणि गोदामाचा खर्च एकीकडे, वरचे 123 दुसरीकडे. जी समिती ही योजना राबवत नाही, तिच्या सभापतींना आपण विचारणारच आहोत.

बैठकीला येताना गेल्या तीन हंगामांच्या पट्ट्या आणा, फाटक्या असल्या तरी. तारीख, ओलावा, कपात आणि त्या दिवशीचा बार्शी-लातूरचा भाव शेजारी शेजारी मांडू.