आधी विचारू, मग पाठवू



दिवाळीचा कार्यक्रम पार पडला की आपल्या मंडळात दरवर्षी एक विषय निघतो : जमलेल्या निधीतून यंदा गावाकडे काय पाठवायचं? यंदाही तो निघाला. ग्रामीण आरोग्यासाठी काहीतरी करावं यावर सगळ्यांचं एकमत झालं आणि 'काहीतरी' म्हणजे नेमकं काय, यावर बटाटेवडे थंड होईपर्यंत वाद रंगला. बहुतेकांचा कल एखादं चांगलं यंत्र घेऊन देण्याकडे दिसला. निर्णय सर्वसाधारण सभेत व्हायचा आहे. त्याआधी या सदरातून एक जुनी हकिकत सांगायची आहे. ती आमच्याच चुकीची आहे, त्यामुळे सांगताना जरा जड जातं.

काही वर्षांपूर्वी आपण महाराष्ट्रातल्या एका आडगावच्या धर्मादाय दवाखान्याला सोनोग्राफीचं यंत्र दिलं होतं. त्यासाठी नाटक बसवलं, तिकिटं खपवली, घरोघरी फोन केले. यंत्र पोचलं, फोटो आला, तो आपण हौसेने छापलाही. दोन वर्षांनी आमच्यापैकी काही जण सुट्टीत देशात गेलो असताना मुद्दाम वाट वाकडी करून तिथे गेलो. यंत्र होतं. फुलाफुलांच्या चादरीखाली झाकून ठेवलेलं. त्यावर हळदकुंकवाची बोटं आणि झेंडूची वाळलेली माळ. दर दसऱ्याला त्याची पूजा अगदी न चुकता होत होती. तपासणी मात्र एकाही बाईची झाली नव्हती.

दोष दवाखान्याचा नव्हता. गर्भलिंगनिदान रोखण्यासाठी १९९४ साली केलेल्या कायद्यानुसार सोनोग्राफीसाठी केंद्राची नोंदणी लागते, ते हाताळायला पात्र डॉक्टर लागतो. तिथे असा डॉक्टरच नव्हता. हे आम्हाला एका फोनवर कळलं असतं. तो फोन आम्ही केला नाही. तिथल्या मावशींनी चहा दिला आणि सहज म्हणाल्या, "ताई, मशीन लई झ्याक हाय. पर रातीला बाळंतीण आणायची म्हटलं तर गाडीत डिझेल नसतं. तुमी इचारलं असतं तर सांगितलं असतं."

हे "इचारलं असतं तर" आमच्या मनातून अजून जात नाही. कारण महाराष्ट्रात ज्यांनी खेड्यातल्या आरोग्याचं चित्र पालटून दाखवलं, त्यांनी पहिल्यांदा तेवढंच केलं : विचारलं.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे अमेरिकेत शिकून १९७० साली जामखेडला गेले. पूर्वीचा अहमदनगर आणि आताचा अहिल्यानगर जिल्हा. कायमचा दुष्काळी मुलूख. लोकांना काय हवं असं विचारलं, तर उत्तर आलं : पाणी आणि अन्न. औषधाचं नाव नाही! मग डॉक्टरांनी आधी पाण्याच्या आणि पोटाच्या प्रश्नाला हात घातला. पुढे खेड्यांत प्रशिक्षित नर्स ठेवून पाहिल्या, पण ते जमलं नाही. परक्या गावात एकटीने राहायला त्या कचरत आणि गावालाही त्या आपल्या वाटत नसत. तेव्हा गावातूनच सूचना आली, की आमच्यातलीच एखादी बाई का शिकवत नाही? अशा रीतीने गावाने निवडलेल्या आरोग्यसेविका तयार झाल्या. त्यांतल्या कितीतरी निरक्षर, कितीतरी दलित. त्या जामखेडला येऊन शिकत आणि परत जाऊन घरोघरी सांगत : बाळाला काय भरवायचं, जुलाबात मीठ-साखरेचं पाणी कसं द्यायचं, गरोदर बाईचं काय पाहायचं. जोडीला गावाची शेतकरी मंडळं आणि महिला मंडळं होती. या कामासाठी आरोळे दांपत्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलताई १९९९ साली गेल्या, रजनीकांत २०११ साली; काम मात्र चालू राहिलं.

दुसरं उदाहरण गडचिरोलीचं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनीही, आरोळ्यांप्रमाणेच, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेतलं. परत जाऊन १९८६ साली त्यांनी 'सर्च' ही संस्था सुरू केली. आदिवासी दवाखान्यात का येत नाहीत, असं त्यांनी आदिवासींनाच विचारलं. कारणं ऐकण्यासारखी होती. तुमचे डॉक्टर, नर्स पांढरे कपडे घालतात. आम्ही मड्याला पांढरं गुंडाळतो. नातेवाइकांना राहायला जागा नसते. आणि तुमच्या दवाखान्यात देव नाही. मग गावातल्या घरांसारखा, नातलगांना सोबत राहता येईल असा दवाखाना बांधला आणि त्याला नाव दिलं दंतेश्वरी देवीचं.

तिथलंच एक छोटं साधन सांगतो. तान्ह्या बाळाला न्यूमोनिया झाला की श्वास जलद होतो. पण ज्या दाईला मोठे आकडे मोजता येत नाहीत, तिने तो ओळखायचा कसा? यासाठी एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी असं श्वासमापक केलं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकवावा लागला, की बाळ आजारी. ना वीज, ना तंत्रज्ञ! पुढे गावातल्याच थोड्या शिकलेल्या बायकांना घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. ३९ गावांतला हा प्रयोग १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. इतर गावांच्या तुलनेत नवजात बाळांचे मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटले होते. २००५ पासून गावोगाव 'आशा' कार्यकर्त्या नेमल्या गेल्या आणि २०११ पासून त्यांच्यामार्फत हीच पद्धत सरकारने देशभर नेली.

आपल्यातले डॉक्टर मित्र म्हणतील, "मण्यांनी काही सिझेरियन होत नाही!" अगदी खरं. जामखेडलाही रुग्णालय आहे आणि गडचिरोलीतही शस्त्रक्रिया होतात. यंत्राशी आमचं वैर नाही. पण यंत्र मागणाऱ्याच्या गरजेतून यावं, देणाऱ्याच्या हौसेतून नव्हे. आणि गावातली बाई वेळेवर उठून घरी गेली नाही, तर यंत्रापर्यंत रुग्ण पोचतच नाही.

म्हणून सभेपुढे आम्ही असं मांडणार आहोत : यंदा वस्तू ठरवायची नाही, आधी सोबती ठरवायचा. तिथे आधीपासून काम करणारी एखादी संस्था निवडावी. पैसा एकरकमी न देता तीन वर्षं द्यावा, आणि प्रशिक्षण, मानधन, डिझेल अशा रोजच्या खर्चाला तो वापरू द्यावा. कायद्याची बाजूही पाहायला हवी. अमेरिकन नागरिकत्व घेतलेल्याने दिलेला पैसा, ओसीआय कार्ड असलं तरी, भारतात परदेशी देणगीच धरला जातो. तो घ्यायला संस्थेची एफसीआरए नोंदणी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर तो पैसा एका संस्थेला दुसरीकडे वळवता येत नाही. तेव्हा "ओळखीच्या ट्रस्टतर्फे देऊ" हा जुना मार्ग आता बंद आहे.

यात फीत कापायला काही नाही, हे आम्हालाही कळतं. डिझेलवर मंडळाच्या नावाची पाटी लावता येत नाही. रात्री दोन वाजता वेळेवर पोचलेल्या बाळंतिणीचा फोटोही येणार नाही. वर्गणीदारांना काय दाखवायचं, हा खजिनदारांचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं सोपं उत्तर आमच्याजवळ नाही.

तोवर एक विनंती. या हिवाळ्यात तुमच्यापैकी बरेच जण देशात जाल. लग्नकार्यातून एक सकाळ काढा. आपल्या गावच्या आशाताईंना भेटा आणि विचारा, की रात्री कुणाला अचानक बरं नसलं तर तुम्ही काय करता, आणि कुठे अडतं? जे सांगतील ते लिहून आणा. आपल्या सूचना मध्ये न घालता आणा, एवढंच. सभेत आधी ते वाचू आणि मग चेकबुक उघडू.